मायनं पाळलेलं पथ्य

"हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती, ती आम्ही उघडलीय," बीडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. छातीतली कळ पित्ताची समजून मी घरी लिंबूपाणी पीत बसलो होतो. मग त्यांनी माझा हात उलटा केला, कोपरावरचे खवले बघितले आणि विचारलं, "सोरायसिस कधीपासून आहे?" मला रागच आला. दुखतंय छातीत आन् हा बघतोय कोपर!

ज्यांच्या घरात सोरायसिस आहे, त्यांच्यासाठीच हे सांगतोय. यात अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उलटते, कातडी भराभर वाढते आणि खवले पडतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण गावाला कोण समजावणार? माझे हात बघितले की पाहुणे चहा न पिताच उठायचे. दोनतीनदा सोयरीक मोडली, मग मी लग्नाचा नादच सोडला. घरात मी, माय आणि आमची जनावरं.

मायनं मात्र हाय खाल्ली नाही. मांजरसुंब्याकडच्या एका झाडपालावाल्यानं तिला पथ्य सांगितलं. दूध, दही, अंडी, मटण आणि हिरवी भाजी, सगळं बंद. आम्ही धनगर, दारात दुभत्या म्हशी, आणि मी वर्षानुवर्षं कोरा चहा, भाकरी आणि चटणीवर. मी जेवायला बसलो की माय समोर बसायची, ताटावरची नजर हलायची नाही. तिनं स्वतःही ते सगळं सोडलं. "लेकराच्या तोंडात न्हाई ते माज्या घशाखाली कसं उतरंल?" म्हणायची. अधूनमधून खवले आपोआप कमी व्हायचे. तिला वाटायचं, पथ्य लागू पडलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. त्यात होमोसिस्टीन वाढलेलं निघालं. खाल्लेल्या अन्नातली प्रथिनं अंगात मोडताना हा पदार्थ तयार होतो. फोलेट आणि बी-ट्वेल्व्ह ही जीवनसत्त्वं त्याचा निचरा करतात. फोलेट हिरव्या भाजीत जास्त असतं आणि बी-ट्वेल्व्ह दूध, अंडी, मटणात. सोरायसिसवाल्यांत होमोसिस्टीन वाढलेलं बऱ्याचदा दिसतं, आणि ते वाढलेलं असलं की हृदयाचा धोकाही जास्त दिसतो.

"पथ्यानं त्यात भर पडली असणार," डॉक्टर म्हणाले. "पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. सोरायसिसची सूज नुसती कातडीत नसते, रक्तवाहिन्यांतही असते. शिवाय तुमची तंबाखू आहे, रक्तदाब आहे. जीवनसत्त्वांनी हृदयाची हमी मिळत नाही, हृदयाच्या गोळ्या चुकवू नका."

वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर माय पदराची गाठ धरून बसली होती. तिला हे कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, "डॉक्टर म्हणले, पथ्य पुरं झालं. आता सगळं खायचं."

घरी येताच तिनं खंडोबाला नारळ फोडला आणि वस्तीभर सांगितलं, पथ्यानं माझं पोरगं वाचलं. म्हातारीचा जीव सुखात राहतोय तर राहू दे, म्हटलं.

मग शेजारची आत्याबाई नातीला घेऊन आली. पोरीच्या गुडघ्यांवर माझ्यासारखेच खवले. माय तिला पथ्य सांगायला लागली. "दूध बी न्हाई?" पोरीनं विचारलं.

त्या दोघी गेल्यावर मी मायला सगळं खरं सांगितलं.

"मंग कावून उपाशी ठिवलं रं म्या तुला?"

तिचा दोष नाही, कारणं लई हायेत, डॉक्टर म्हणाले ते सगळं मी परत परत सांगितलं. तिच्या कानात काही शिरलं नाही. ती हुंदके देऊन रडली. इतकी तर बाप गेला तेव्हाही रडली नव्हती.

सकाळी तिनं मेथीची जुडी आणि दुधाचा तांब्या घेतला आणि आत्याबाईचं घर गाठलं. मी मागोमाग गेलो. दारात बाया जमलेल्या असताना ती म्हणाली, "माजं चुकलं बाई. पोरीला खाऊ घाला आन् कातडीच्या डॉक्टरला दावा. माज्यावानी करू नगा."

आता मी सगळं खातो, गोळ्या घेतो, तंबाखू सोडलीय. खवले आहेतच. पण माय आता माझ्यासमोर बसत नाही. ताट वाढते आणि बाहेर गोठ्याकडं जाते. स्वतः अजून दुधाला शिवत नाही. "मला गोड लागत न्हाई," म्हणते.

परवा मी ताट उचललं आणि गोठ्यात तिच्याशेजारी जाऊन बसलो. दुधात भाकरी कुस्करली आणि घास तिच्यापुढं धरला. तिनं तोंड फिरवलं.

"मायच्या तोंडात न्हाई ते माज्या घशाखाली कसं उतरंल?" मी म्हणालो.

"लई हट्टी हायस," ती म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.