नळाखाली धुतलेला स्पंज

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगायला बसले की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही — माशांपासून, की अप्पांपासून?

अप्पा म्हणजे माझे सासरे. डोंबिवलीत आमचं घर तळमजल्यावर, मागे बागेचा हातभर तुकडा. तिथे अप्पांनी निवृत्तीनंतर स्वतः सिमेंटचं छोटं तळं बांधलं आणि आठ गोल्डफिश सोडले. नियम कडक. खाणं दिवसातून एकदाच, जास्त झालं की पाणी नासतं. नळाचं पाणी एक दिवस पिंपात ठेवायचं, मगच तळ्यात. फिल्टरचा स्पंज तर नळाखाली धुवायचाच नाही. तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात हलका पिळायचा. "अगं, त्या चिकट मळावरच पाणी जिवंत राहतं," म्हणायचे. मला मात्र तो मळ बघून शिसारी यायची. मी स्वच्छतेची वेडी — कौतुकाने नाही सांगत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. अप्पा दोन दिवसांसाठी वर्तकनगरला बहिणीकडे गेले होते. मी स्पंज नळाखाली धरला, वर कपड्यांची पावडर टाकली आणि पांढराशुभ्र होईपर्यंत चोळला. तळ्यातलं निम्मं पाणी उपसून थेट नळी लावली. काय सुंदर दिसत होतं! तळाचे खडे मोजता आले असते. बायकांनी फोटोसुद्धा काढले.

चौथ्या दिवशी सकाळी आठही मासे मरून वर आले होते.

नवरा म्हणाला, "इथल्या केमिकल कंपन्यांनी सोडलं असणार काहीतरी, कालपासून वास मारतोय." मी नुसती गप्प राहिले असते तरी निभावलं असतं — नाही का? पण अप्पा माझ्याकडेच बघत होते. तेव्हा अधूनमधून चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, एवढंच. "अगं, मी काल दोनदा खाणं घातलं का गं?"

मी म्हटलं, "हो अप्पा. दोनदा घातलंत."

का म्हटलं? ते ओरडतील म्हणून? ते आयुष्यात कधी माझ्यावर ओरडले नाहीत. मग?

त्यानंतर त्यांनी एकट्याने वर्तकनगरला जाणं सोडलं. "माझ्या डोक्याचा भरवसा नाही गं," म्हणाले. आता खरंच बरंच विसरतात. डॉक्टर म्हणतात, वय आहे, हे होणारच होतं. मग मी काय केलं नेमकं? काहीच नाही, की सगळंच? हे कोडं मला सुटत नाही. आठवतं ते एवढंच — आदल्या दिवशी त्यांनी एकदाच खाणं घातलं होतं आणि डबा माझ्यासमोर बंद केला होता.

तळं कोरडं आहे. मी त्यात कुंड्या ठेवल्यात.

रोज सकाळी गोळी घेऊन झाली की अप्पा विचारतात, "घेतली ना गं मी?" मी "हो अप्पा" म्हणते. ते लगेच विश्वास ठेवतात, त्या दिवशी ठेवला तसाच.