आंबेखोलच्या नानाबुवांचे शिष्य

जयवंत घाडीचा चौथा अवतार सुगंधाला सगळ्यांत परवडला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. टिकल्या लावायच्या नाहीत, बाह्यांना झालर नाही, कॉलरमधून वायर न्यायची नाही. भांडुपच्या चाळीत तिचं शिलाई मशीन दाराशीच असे, आणि तिच्या नवऱ्याचं सध्या काय चाललंय ते शेजाऱ्यांना मशीनवरच्या कापडावरून कळे. १९८७च्या दिवाळीनंतर तिथे पांढरा मांजरपाट दिसला तेव्हा समोरच्या विमलाने आवाज खाली आणून विचारलं, "काय गं, गावाकडे सगळे बरे आहेत ना?"

"कोणी गेलं नाही," सुगंधा म्हणाली. "हे भजन करणार आहेत."

"म्हणजे गझल गेली."

लग्न झालं तेव्हा, १९७० साली, तो जे. गॅडी होता. घाडीचं गॅडी त्याने स्वतःच केलं होतं. दिवसा रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर आणि गणपती-नवरात्रात 'ब्लॅक क्रॅब्स' नावाच्या रॉक बँडचा मुख्य गायक. केस खांद्यावर, पॅन्ट वर घट्ट आणि खाली परकराएवढी. आपण बोटीवर होतो आणि हॅम्बुर्गला गाणं शिकलो, असं तो माइकवर सांगे. बोटीवर त्याचा थोरला भाऊ होता, तोही भटारखान्यात. जयवंतला गाणं शिकवलं कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावातल्या डॉमनिक अंकलने, घराच्या ओट्यावर बसून. इंग्रजी शब्द भांडुपच्या श्रोत्यांना कळत नसत आणि जयवंतलाही फारसे कळत नसत, त्यामुळे दोघांत गैरसमज कधी झाला नाही. कार्यक्रमाच्या शेवटी जे. गॅडी बेभान होऊन गिटार मागच्या मागे भिरकावी. गिटार डॉमनिक अंकलची होती. म्हणून पडद्यामागे मंडळाचे दोन कार्यकर्ते गादी धरून उभे असत.

१९८१ला डिस्को आला आणि जे. गॅडी 'जॅकी गोल्ड' झाला. उरलेले केस कुरळे करून घेतले. हॅम्बुर्ग रद्द झालं, आता तो दुबईहून आला होता. सोनेरी जॅकेटच्या पाठीवर बॅटरीचे छोटे दिवे पेटत. त्यांच्या वायरी अस्तरातून सुगंधाने फिरवल्या होत्या. घाटकोपरला भर गाण्यात घामाने शॉर्ट झालं आणि जॅकी गोल्डने जी उडी मारली तिला वन्स मोअर मिळाला. मग मंडळांच्या लक्षात आलं की ऑर्केस्ट्रापेक्षा व्हिडिओ स्वस्त पडतो, आणि व्हिडिओला चहा-नाश्ताही द्यावा लागत नाही. १९८५ला शाल आली. 'जयवंत वीरान' लखनौच्या एका उस्तादाचा शागीर्द निघाला. हातातल्या काचेच्या ग्लासात कोरा चहा असे, लोकांनी दारू समजावं म्हणून. घशातले उर्दू उच्चार तो इतक्या मनापासून काढी की मुलुंडच्या एका सोसायटीतल्या बाईंनी मध्यंतरात ज्येष्ठमध पाठवलं.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि सुगंधा हसायचीही. एक अवतार संपून दुसरा सुरू होईपर्यंतचे महिने मात्र हसण्यासारखे नसत. जयवंत भिंतीकडे तोंड करून पडून राही. दाढी नाही, आंघोळ नाही, कामावर जाणं नाही. उठवायला गेलं की म्हणे, "कोण म्हणून उठू?" डिस्को संपला तेव्हा कारखान्यातल्या साहेबाच्या हातापाया पडून तिने त्याची नोकरी राखली होती. गझल संपली तेव्हा त्याने जेवण टाकलं, आणि कारणं सांगता सांगता तिच्याकडची कारणं संपली. आता तो चाळिशीच्या पुढे होता, गुडघे बोलायला लागले होते. पाचवा अवतार कुठला घेणार? म्हणून सुगंधाची एवढीच इच्छा होती, की हा चौथा टिकावा. यात बसून गायचं होतं, घरी येताना तोंडाला वास नव्हता, आणि लोक वाकून नमस्कार करत होते.

भजन आलं अपघाताने. शेजारच्या सत्यनारायणाला ठरलेले बुवा आले नाहीत, लोक ताटकळले, कोणीतरी पेटी जयवंतपुढे सरकवली. तो बसला आणि गायला. बायकांनी डोळे पुसले. वर्षभरात 'जयवंतबुवा घाडी' हे नाव पूर्व उपनगरातल्या कोकणी वस्त्यांत माहीत झालं आणि दादू परब घरी आला. हा डबलबाऱ्या ठरवणारा माणूस. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसवायचे. एकाने आपल्या बारीत गाऊन प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊन उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर हरला. हरलेल्या बुवाला वाईट कोणी बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

"हँडबिलावर गुरूचं नाव काय टाकू?" दादूने विचारलं.

"कशाला लागतं?"

"बुवा, गुरू नसलेल्याच्या समोर कोण बसणार? अपमान समजतात. अमक्यांचे शिष्य, असं छापावंच लागतं."

जयवंतने छताकडे पाहिलं. हॅम्बुर्ग, दुबई आणि लखनौ वापरून झालं होतं. सुगंधाचं आजोळ सिंधुदुर्गात आंबेखोलला. मे महिन्यात तो एकदा तिथे आंबे खायला गेला होता.

"कैलासवासी नानाबुवा आंबेखोलकर," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात सुगंधाच्या हातातलं तांदळाचं सूप थांबलं. आंबेखोलात नाना नावाचा एकच होता, तिच्या मामाचा बैल.

"अहो, दुसरं गाव नव्हतं का?" दादू गेल्यावर ती म्हणाली. "तिथल्या लोकांचं मंडळ आहे मुलुंडला."

"असू दे ना. मेलेल्या माणसाबद्दल कोण चौकशी करतं?"

चूक तिथेच होती. कोकणातलं गाव जिवंत माणसाची चौकशी एक वेळ करणार नाही, पण आपल्या गावात थोर माणूस होऊन गेला असं छापून आलं की ते गप्प बसत नाही. आंबेखोल ग्रामस्थ मंडळाने आधी बैठक घेतली. असे कोणी बुवा आठवत नाहीत, असं दोघे-तिघे म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं, की शेजारच्या गावाला दोन बुवा आणि एक तमासगीर आहे, आपल्याला काहीच नाही. बैठक तिथेच संपली आणि जयवंतबुवांची बारी आपल्या सत्यनारायणाला ठेवायची असं ठरलं.

मधल्या काळात नानाबुवा वाढत होते. जयवंत दर कार्यक्रमात त्यांची एक तरी आठवण सांगे. ते गात असताना समई वाऱ्यात विझत नसे. सूर चुकला की ते शिष्याला मारत नसत, स्वतः उपास करत.

"बास करा आता," सुगंधा म्हणाली. "उद्या त्यांच्या बायकामुलांचं विचारतील."

"ब्रह्मचारी होते," जयवंतने सांगितलं.

त्या बारीत समोरच्या बाजूला लाडोबाबुवा धुरी होते. कांजूरला राहणारे, छापखान्यात काम करणारे, गुरूच्या घरी लहानपणापासून पाणी भरून शिकलेले. पोशाखाची आवड नव्हती, विनोदाची त्याहून नव्हती. मुलुंडचा हॉल संध्याकाळी लग्नाला दिलेला असल्यामुळे बारी रविवारी दुपारी जेवणं उरकून सुरू झाली. पुढच्या दोन रांगा आंबेखोलकरांच्या. अगदी पुढे खुर्चीवर दाजी गावकर, गावातले सर्वांत जुने, गिरणीतून रिटायर होऊनही बराच काळ लोटलेले. सुगंधा बायकांत बसली होती. पेटीमागे बसलेला नवरा तिला छान दिसला, आणि त्यामुळे तिला जास्त धास्ती वाटली.

पहिली बारी सुरळीत गेली. दुसऱ्या बारीत लाडोबाबुवांनी चष्मा पुसला आणि गाऊन विचारलं:

"सांग बुवा सांग तुझ्या गुरूचं ठिकाण,
कुठल्या पायरीवरती तू ठेवितोस मान?"

जयवंतने गुरुमाउली चराचरात भरली आहे अशा अर्थाचं काहीतरी गाऊन वेळ मारून नेली. त्याच्यामागच्या झांजवाल्यांनी जोर लावला. लाडोबाबुवा हलले नाहीत. पुढच्या बारीत त्यांनी गाणं बाजूला ठेवलं आणि माइक जवळ ओढला.

"घाडीबुवा, चराचर रवांदे. तुमच्या गुरूची एक चाल म्हणान दाखवा. आंबेखोलात मी दोनदा बारी करूक गेलंय. थंय रानडुकरां सोडून कोण गळो काढणा नाय."

हॉल हसला. पुढच्या दोन रांगा हसल्या नाहीत.

आता जयवंतची बारी होती. त्याची बोटं पेटीवर होती आणि भाता हलत नव्हता. पखवाजवाल्याने एकदा थाप देऊन आठवण केली. सुगंधाने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला तो ओळखीचा वाटला. भिंतीकडे वळण्याआधीचा तो चेहरा होता. तिने मनातल्या मनात कारखान्यातल्या साहेबाकडे जायची साडीसुद्धा ठरवली.

जयवंत माइककडे वाकला. "धुरीबुवा," तो म्हणाला, "तुम्ही वयाने मोठे आहात. खोटं बोलत नाही. नानाबुवा नावाचे कोणी खरं तर..."

"गप रव," दाजी गावकर म्हणाले.

ते उठून उभे राहत होते. दोघांनी त्यांना काखेत धरलं. त्यांनी जयवंतकडे पाहिलंच नाही, लाडोबाबुवांकडे बोट केलं.

"रानडुकरां म्हणतंस? आमच्या गावाक नावां ठेवतंस? ह्या पोराक कित्याक इचारतंस, माका इचार. नानाबुवांका ह्या कानांनी ऐकलंय मी. आठ वर्षांचो होतंय. देवळाच्या फुडे बसत. आवाज व्हाळापलीकडे जाय."

लाडोबाबुवांनी हात जोडले. "दाजी, तसा असात तर माजी चूक."

"समईपण इजत नसे," मागून कोणीतरी भर घातली.

"आमच्या आजीने सांगितलेलं," दुसऱ्या रांगेतला एक बँकेतला माणूस म्हणाला. मुळात बैठकीत असे कोणी आठवत नाहीत म्हणणारा हाच होता.

"त्यांचा आवाज पुरुषी होता का हो?" बायकांत सुगंधाच्या शेजारणीने विचारलं. "तुमचं आजोळ ना ते?"

"मी लहान होते," सुगंधा म्हणाली. तिला बैल आठवला आणि तिने पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं हिला भरून आलं.

"चाल म्हण तेंची," दाजींनी बसता बसता जयवंतला हुकूम केला.

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. जयवंतने डोळे मिटले. भजनाच्या चाली त्याला ठाऊक होत्या त्या सगळ्या दुसऱ्या बुवांच्या, आणि समोर बसलेल्या माणसाला त्या प्रत्येकीचा बाप माहीत होता. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे पहिलं येतं ते आलं. डॉमनिक अंकलने ओट्यावर सर्वांत आधी शिकवलेली ती इंग्रजी ब्लूज गाण्याची चाल, बारा तुकड्यांची, खाली येऊन मध्येच तुटणारी. त्याने ती चौपट सावकाश घेतली आणि तिच्यावर विठ्ठलाचं नाव बसवलं. पखवाजवाला थोडा चाचपडला, मग त्याला ठेका सापडला. तिसऱ्या आवर्तनाला झांजा शिरल्या. सुगंधाने ही चाल गिटार भिरकावायच्या दिवसांत शेकडो वेळा ऐकली होती. ती एवढी दुःखी आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे दाजींकडे पाहत होते.

"हीच ती," दाजी म्हणाले.

लाडोबाबुवा प्रामाणिक गवई होते. इतक्या वर्षांत अशी चाल आपण ऐकली नाही, हे त्यांनी माइकवर सांगितलं, आणि आपल्या बारीत शेवटचा गजर न घेता जयवंतला मानाचा नारळ दिला. लग्नवाले दाराशी फुलं घेऊन उभे राहिले तेव्हा कुठे हॉल रिकामा झाला.

महिन्याभरात ग्रामस्थ मंडळाने नानाबुवांची पुण्यतिथी माघ वद्य सप्तमीला असल्याचं शोधून काढलं. तिथी दाजींनी सांगितली. सप्तमीच का, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. गावच्या देवळासमोरच्या चौथऱ्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. लाडोबाबुवा एका संध्याकाळी भांडुपला येऊन ती चाल शिकून गेले आणि जाताना जयवंतला गुरुबंधू म्हणाले. दादूकडे पुढच्या वर्षाच्या तारखा भरत आल्या. चौथा अवतार टिकला होता, आता मोडायचा म्हटला तरी मोडला नसता. सुगंधा नीट झोपायला लागली.

माघातल्या एका बुधवारी तिने बांगडे आणले. जयवंतला ते तिरफळ घालून आवडत, तसेच केले. तो कारखान्यातून आला, पाय धुतले, पाटावर बसला. तिने ताट पुढे केलं तसं त्याने हात आडवा धरला.

"मला नको."

"का? पोट बिघडलंय?"

"सप्तमी जवळ आली. त्यांना चालायचं नाही."

"कोणाला?"

"गुरूंना," जयवंत म्हणाला. "या दिवसांत ते मासळीला शिवत नसत."

घरात तिसरं कोणी नव्हतं, दारही लोटलेलं होतं. सुगंधा त्याच्याकडे पाहत राहिली. तो आता हसेल म्हणून ती थांबली. त्याने भातावर वरण मागितलं. तिने वरण वाढलं, त्याच्या ताटातले दोन्ही बांगडे आपल्या ताटात घेतले आणि निवायच्या आत जेवायला बसली.