डावं मागचं चाक

पंक्चरवाल्यानं टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून रबराचा चुरा सांडला. मूठभर, चहाच्या भुकटीसारखा. टायरची कड चिरली होती आणि आतले धागे दिसत होते. मी बघतच राहिले. त्याच चाकाच्या वर, मागच्या सीटवर, माझी लेक तेरा दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. गाडी मी चालवत होते, ऐंशीच्या वेगानं.

बारसं उरकून दोघांना उमरग्याहून धाराशिवला माहेरी आणत होते. आठवड्यापूर्वी मीच टायरवाल्याकडून पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून घेतली होती. टायर सारखे झिजावेत म्हणून मी हे कधी चुकवत नाही. सकाळी निघताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. स्क्रीन सांगत होती, डाव्या पुढच्या चाकात हवा कमी, बावीस. मी उतरून त्या चाकाला माझं हवेचं मीटर लावलं. तेहतीस, हवी तेवढी. म्हणजे सेन्सर बिघडला, असं ठरवून मोकळी झाले. बाकीच्या तीन चाकांकडं वळलेच नाही.

जळकोट मागं पडल्यावर लेक म्हणाली, "आई, आकडा सोळावर आलाय."

"येऊ दे. खोटं दाखवतंय ते. मी मोजलंय."

नळदुर्गच्या अलीकडं मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत शेजारी आला आणि खाली बोट दाखवू लागला. बाई चालवतेय म्हणून ह्याला चेव आलाय, असं मला वाटलं. पण तो पाठ सोडेना, म्हणून पंक्चरच्या दुकानापाशी थांबले. तिथल्या माणसानं मागच्या चाकाला मीटर लावलं. नऊ.

दिवा पुढच्या चाकाचा होता, असं म्हणत मी त्याच्याशी भांडले. त्यानं रिमला बसवलेला सेन्सर दाखवला.

"ताई, चाक मागं गेलं तसा ह्यो बी मागं गेला. गाडीला नवी जागा शिकवावी लागती. ते कुणी केलंच न्हाय."

टायरवाल्यानं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. घरात मात्र चाकांचं सगळं मलाच कळतं, असं मी वीस वर्षं ऐकवत आलेय.

स्टेपनी लागली. लेक बाळाला घेऊन दुकानाच्या पत्र्याखाली उभी होती. तिनं विचारलं, किती होती हवा. मी नऊ सांगितलं. ती गाडीत बसली नाही. म्हणाली, "चारी चाकं मोज. मी बघते."

मी रस्त्याकडेला गुडघे टेकले. पहिल्यांदा मीटर नीट बसेना, हवा फुसफुसून बाहेर गेली. परत लावलं. एकेक आकडा मी मोठ्यानं वाचला, प्रत्येक वेळी तिनं वाकून तो स्वतः पाहिला. चौथ्यानंतर तिनं बाळाची टोपी नीट केली आणि मागच्या सीटवर उजव्या बाजूला जाऊन बसली.