भिंतीपलीकडचा शेवगा

ह्यांच्या अंबडच्या कंपनीतल्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी पाळलेला हिरवा इग्वाना आमच्या सिडकोतल्या घरी आला. "ई! सरडा? माझ्या घरात?" रागानं मी त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही. पण हा फक्त पाला खातो, किडे-बिडे नाही, हे कळल्यावर जरा निवळले. शाकाहारी म्हणजे आपल्यातलाच की!

मग काय, लाडच लाड. पालक म्हणजे ताकद, एवढं मला ठाऊक. कोवळी जुडी आणायची, निवडायची, धुवायची आणि नुसती पानं त्याच्यापुढे ठेवायची. हे कुरकुरायचे, "अगं, हल्ली माझ्या डब्यात देठंच असतात."

वर्षभरात त्याचे पाय थरथरायला लागले. खिडकीच्या गजावर चढेना, जबडा मऊ पडला. गुरांच्या डॉक्टरांनी मुंबईला फोन लावून विचारलं आणि मला सांगितलं, "हाडं मऊ झालीत. रोज नुसता पालक? पालकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही ह्या सरड्यांच्या. बंद करा. ऊन द्या, शेवग्याचा पाला द्या."

शेवगा! शेजारच्या काकूंचा शेवगा आमच्या भिंतीला लागून होता. दारात शेवगा असला की घराला बरकत राहत नाही म्हणतात, म्हणून मीच कडाकडा भांडून तो तोडायला लावला होता. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

नाक मुठीत धरून भिंतीपाशी गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे ऐकलं होतं. इथं तर सरडेवालीच आली!" असं म्हणून त्यांनी बुंध्याला फुटलेले धुमारे खुडले आणि ओंजळभर पाला भिंतीवरून दिला. मी मान खाली घालून तो पदरात घेतला.

तो जगला. काकू रोज पाला द्यायच्या, तो उन्हात बसून खायचा. पण पाठीचा बाक गेला नाही आणि चढणं कायमचं सुटलं. माझ्याच हातानं मी त्याला अधू केलं होतं. मेल्यानं माझ्यावर चिडायचं तरी! माझी चाहूल लागली की फरशीवरून फरफटत पायाशी यायचा आणि मान वर करून तोंड उघडायचा. त्याच्या लेखी मी खाऊ घालणारी होते.