चार डोळ्यांची मस्टँग

हैदरचाचांच्या गाडीला चार डोळे आले ते माझ्यामुळं. त्यांनी मस्टँगचा सदुसष्ट सालचा फोटो मागितला होता. मी घाईघाईत मोबाइलवरून एकोणसत्तर सालचा काढून छापून दिला. सदुसष्टच्या गाडीला पुढं दोन दिवे, एकोणसत्तरच्या गाडीला चार. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. पाचोडच्या शाळेत शिकलेल्या माणसाला बैल लांबून ओळखता येतो, अमेरिकन गाडी नाही. चाचांनी फोटो भिंतीला चिकटवला आणि पत्र्याला कातर लावली. चूक कळेपर्यंत दोन भोकं जादा पडली होती.

चाचा डेंटर, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे. शहरात शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. वडील टांग्याचे टप बनवायचे. टांगे गेले, तसा पोरगा मोटारींच्या पत्र्याकडं वळला. तरुणपणी कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवर त्यांनी लाल मस्टँग पाहिली, जाळीवर पळता घोडा असलेली. माणूस तेवढ्यावर खुळावला. पुढं एका रिटायर्ड साहेबाची कॉन्टेसा गाडी भंगारात निघाली होती, ती उचलली आणि ठोकून ठोकून तिची मस्टँग केली. आता ती नवरदेवांना भाड्यानं देतात. "घोड्याची हौस फिटती, आणि हा घोडा फटाक्यांना बुजत नाय," ही त्यांची जाहिरात.

अमेरिकेतली कंपनी दर साली गाडीचं तोंड थोडं बदलायची. कधी जाळी, कधी मागचे दिवे, कधी कुशीवरची घडी. चाचांनीही तोच नेम धरला. आषाढ लागून लग्नं थांबली की गाडी एक साल पुढं जायची. गेल्या साली जावेच्या पोराला आणली तीच गाडी आपल्याकडं आली, असं कुठल्या वरमाईनं म्हणू नये म्हणून. मुनिराचाची मला म्हणायच्या, "घरातल्या कपाटाचं बिजागर कधीचं तुटलंय. त्याचं नवं मॉडेल कधी निघणार, विचार तुझ्या चाचांना."

चार डोळे आल्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक मीच आणलं होतं, शेंद्र्याचे माझे कडुबामामा. त्यांच्या राजकुमारचं लग्न. मामांनी जुन्या फोटोवरून चौकात भलामोठा फ्लेक्स लावला होता: गॉगल घातलेला राजकुमार, शेजारी दोन दिव्यांची लाल गाडी. लग्नाच्या आदल्या दिवशी मामा गाडी बघायला आले आणि तिच्याभोवती एक फेरी मारून थांबले.

"भाचेबुवा, फ्लेक्सवर दोन दिवे हायत. हितं चार कसे?"

"नवं मॉडेल आहे," चाचा म्हणाले.

"सगळ्या शेंद्र्यानं फ्लेक्स बघितलाय. लोक म्हणतील, दाखवली एक अन् आणली दुसरी. पोरीच्या बापाला म्हणतात तसं मला म्हणतील. दोन भोकं बुजवा, नायतर पुतण्याची जीप दारातच उभी हाय."

मामा गेले. मी चाचांना म्हणालो, "चूक माझी आहे. पत्रा मारा, वरून लांबीची पुट्टी भरा, रात्रीतून होऊन जाईल. शेंद्र्यातनं गाडी परत आली अशी बातमी फिरली, तर यंदा तिला कुणी विचारणार नाही."

"कंपनीनं तोंड बदललं तर मॉडेल, अन् हैदरनं बदललं तर चूक. ये कौनसा कानून, मियाँ?"

"कंपनी ठरवून बदलायची. हे तर चुकून झालं."

"झालं ना? मला आवडलं. मग ते माझं. बुजवायचं नक्को."

"मामा राजकुमारला हिच्यात बसू देणार नाहीत. पैज लावा, हरेल त्यानं मटणाचा नानखलिया खिलवायचा."

"हौ," चाचा म्हणाले आणि पॉलिश करायला लागले.

शेंद्र्यात लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी परण्याच्या वेळेला चाचा बिनबोलावता गाडी घेऊन निघाले. शेजारच्या सीटवर मी, जमेल तेवढा खाली सरकलेला. चौकात त्यांनी गाडी बरोबर फ्लेक्सखाली लावली, मांडववाल्याची शिडी मागून घेतली, डिकीतनं पांढऱ्या-काळ्या रंगाचे डबे काढले आणि वर चढले. फ्लेक्सवरच्या गाडीला त्यांनी आणखी दोन डोळे काढले. एक जरा बारीक निघाला.

मामा फेटा सावरत आले. "ह्ये काय चाललंय?"

"फ्लेक्स दुरुस्त करतोय, पाटील. छापणारा दोन दिवे विसरला होता."

वाजंत्रीवाले हसले, मग भावकी हसली. मामांच्या कपाळावरची शीर काही खाली बसेना. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेला राजकुमार बाहेर आला. त्यानं फ्लेक्स बघितला, गाडी बघितली, मग जीप बघितली.

"अप्पा, जीपा आपल्या गल्लीतच पाच हायत," तो म्हणाला आणि मागचं दार उघडून मस्टँगमध्ये बसला.

मामांनी मान वर करून फ्लेक्स निरखला. शेवटी मला म्हणाले, "त्या डाव्या दिव्याला अजून एक हात मारायला सांग. बारीक दिसतोय."

त्या मोसमात गाडी घरी उभी राहिली नाही. पुढच्या आषाढात मी सत्तर सालचा फोटो घेऊन गेलो, या खेपेला चारदा तपासून. सत्तर साली कंपनीनं स्वतःच दोन दिवे कमी केले होते. मी चाचांना मोबाइलवरचे आकडेही वाचून दाखवले: सहासष्ट साली सहा लाखांवर खपलेली गाडी सत्तर साली दोन लाखांच्या आत आली होती.

चाचांनी फोटो निरखला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"कंपनी घाबरली. मी कायकू घाबरू?"

गाडी आजही चार डोळ्यांची आहे. त्या दिवशी निघताना चाचांनी कापडानं हात पुसत हाक मारली, "ओ पाचोडवाले, पैजेचा नानखलिया?"

"शुक्रवारी नक्की, चाचा."

"शुक्रवार तर दर हफ्त्याला येतो," ते म्हणाले.

मी गाडीच्या चारही डोळ्यांसमोरून, जरा अंग चोरूनच, बाहेर पडलो.