पितळी वस्तू, एक, संशयास्पद

कर्जत आणि खालापूर, दोन्हीकडे माझी नोकरी झाली. ही हकिकत त्यांतल्या कोणत्या कचेरीतली, ते मी सांगणार नाही. त्या वेळची माणसं आता राहिली नाहीत; पण कचेरीतली कपाटं राहतात, आणि कागद माणसांपेक्षा जास्त दिवस राग धरतात.

जर्मनीशी झालेली पहिली मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी पोलीस पाटील डोंगराखालच्या वाडीतल्या एका ठाकराला घेऊन आले. मामलेदारांच्या टेबलावर त्यांनी पंच्याचं एक गाठोडं ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून म्हणाले, "रावसाहेब, ह्याच्यापाशी सरकारी हत्यार गावलं."

गाठोड्यातून निघाली ती अंगठ्याएवढी पितळी नळी. एक टोक तिरपं कापलेलं, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा आरसा बसवलेला. अंगावर बाणाची खूण आणि दोन इंग्रजी अक्षरं. बाणाची खूण म्हणजे सरकारी माल, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

"काय आहे रे हे?" मामलेदारांनी विचारलं.

"आरसा हाय, रावसाब."

"आरसा असा असतो?"

"ह्यो असा हाय."

"मिळाला कुठं?"

"माज्या बापाला गावला. घाटाखाली पलटणीचा तळ पडला व्हता. तळ उठल्यावर गवतात पडल्याला."

"आणि करतोस काय त्याचं?"

"मध बघतो. झाडाच्या ढोलीत ह्येच्यातनं ऊन सोडायचं, मंग आत पोळं हाय का नाय ते दिसतं. कदी नाग बी असतो. हात घालायच्या आदी बघितल्यालं बरं."

मला ते उत्तर पटलं. मामलेदारांनाही पटलं असावं, कारण त्यांनी नळी पंच्यावर परत ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. पितळी वस्तू, एक. वापर, संशयास्पद." मी लिहिलं. माझं अक्षर फार चांगलं होतं.

वस्तू कचेरीत जमा झाली. ती कसली आहे याचा उलगडा होईपर्यंत ठाकरानं दर बाजाराच्या दिवशी हजेरी द्यायची, असं ठरलं. ऐन मधाचे दिवस होते. चार कोस चालून तो यायचा, ओटीवर बसायचा, आणि मी बाहेर आलो की विचारायचा, "भाऊसाब, कळलं का वो कसला हाय त्यो?"

"नाही रे अजून."

"आरसाच हाय," तो मला धीर देत म्हणायचा.

उलगडा करण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी आधी तांबटाकडे गेलो. त्यानं नळी वाजवून पाहिली, पितळ अस्सल असल्याची ग्वाही दिली आणि हा हुक्क्याचा भाग असल्याचं सांगितलं. आरसा कशाला, विचारलं तर म्हणाला, "साहेब लोकांचा हुक्का असेल." तिथून मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी हातात घेताच ओळखली. कान तपासण्याचं विलायती उपकरण! मी नको नको म्हणत असताना त्यांनी ते माझ्या कानाला लावलं आणि कानात मळ असल्याचं निदान केलं. मळ निघाला हे खरं. पण नळी कानात जाईना, ती जाडच जास्त होती. तेव्हा डॉक्टर जरा ओशाळले. म्हणाले, "साजगावला एक म्हातारा आहे. पलटणीत बंदुका दुरुस्त करायचा. सरकारी बाण आहे म्हणता, तर त्याला दाखवा. म्हणजे, हातात द्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्याच्या."

साजगावचा तो मिस्त्री अंगणात बाजेवर बसला होता. मी कोण, कुठला, हे सांगून होईपर्यंत त्यानं हात पुढं केला होता. नळी तळहातावर घेतली, तिरप्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि तो एकदम ताठ बसला.

"ही तुमच्याकडं कशी?" आवाज असा, की चोर मीच असावा. मी सगळं सांगितलं. तो ऐकत नव्हता. नळी दोन्ही हातांत धरून बसला होता. मग म्हणाला, "तीस वर्षं वापरली असली. जुन्या बंदुकीची नळी मागनं उघडी नसते, साहेब. खालचा दांडा ओढला की मागची बाजू बंद करणारा ठोकळा फक्त खाली जातो. मग आत बघणार कसं? ही मागनं बसवायची आणि वरून आरशात बघायचं. पुढच्या तोंडातनं उजेड येतो. नळी साफ हाय का गंजली, समदं दिसतं. नव्या बंदुकांना नाय लागत. म्हणून कुणाला ठावं नाय."

मी विचारलं, कचेरीत येऊन हे मामलेदारांना सांगाल का? त्यानं लगेच आत हाक मारून धुतलेला कोट मागवला.

आमच्या पहाऱ्यावर अशाच जुन्या तीन बंदुका होत्या. त्यांच्यावर हवालदाराचा फार जीव. रोज सकाळी तेल लावून तो त्या इतक्या चमकवी की येणारे-जाणारे थांबून बघत. मिस्त्री बैलगाडीतून उतरला तेव्हा हवालदार त्याला म्हणाला, "बाबा, हात जपून लावा."

मिस्त्रीनं बंदूक मांडीवर घेतली, दांडा ओढला, आरशाची नळी मागं बसवली आणि बंदुकीचं तोंड दाराच्या उजेडाकडे केलं. मग म्हणाला, "रावसाहेब, मला दिसत नाय. तुमी बघा."

मामलेदार वाकले. एक डोळा मिटला. "काही दिसत नाही."

"गोल उजेड दिसंल."

"अंधार आहे. तुमचा आरसा बिघडलेला दिसतो."

मिस्त्रीनं आरसा काढला, बोटानं पुसला, परत बसवला. "आता?"

"अंधार."

"मंग आरसा बरा हाय," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "गज आणा."

तोंडातून घातलेला साफसफाईचा गज अर्ध्यावर अडला. दोन शिपायांनी जोर लावला तेव्हा मागच्या ठोकळ्याच्या जागेतून भसकन माती पडली, आणि मातीबरोबर वाळलेल्या हिरव्या अळ्या. कुंभारमाशीनं बंदुकीच्या नळीत घर केलं होतं. एक नव्हे, ओळीनं पाच. दुसऱ्या बंदुकीतही तेच. तिसरी तेवढी मोकळी ठरली, कारण तिचा दांडाच हलत नव्हता, आत बघताच आलं नाही. हवालदार म्हणाला, "रोज पुसतो, साहेब." ते खोटं नव्हतं.

मिस्त्रीनं विचारलं, "किती पावसाळे झाले बार काढून?" मामलेदारांनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि दार लावून घेतलं.

त्या दुपारी अहवालाचा मसुदा मी तीनदा लिहिला. पहिल्यात सगळं खरं होतं. मामलेदार वाचून म्हणाले, "बंदुकीचं उपकरण आहे हे कळवलं, तर कशावर लावून पाहिलं, हे वरून विचारतील." दुसऱ्यात बंदुका नव्हत्या, पण मिस्त्री होता. "हा कोण, म्हणून विचारतील." तिसरा एका ओळीचा होता: वस्तू तपासली असता ती घरगुती वापराचा आरसा असल्याचं दिसून आलं, सबब मूळ मालकास परत. बाणाच्या खुणेचा उल्लेख राहून गेला. मामलेदारांनी सही केली आणि टीपकागद स्वतः दाबला.

पुढच्या बाजाराला ठाकर आला. मी नळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उन्हात धरली, कवडसा समोरच्या भिंतीवरून एकदा फिरवला, आणि ती धोतराच्या सोग्यात बांधली.

"काय निगालं, भाऊसाब?"

"आरसा," मी म्हणालो.

तो हसला नाही, रागावलाही नाही. "बरं झालं," म्हणाला, जणू इतक्या दिवसांत माझाच काही तरी घोर मिटला होता. सात खेपा झाल्या होत्या त्याच्या. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी कागद पुढं केला आणि त्यानं अंगठा उठवला.

प्रकरण मिटलं, पण बंदुकांमधला जाणकार म्हणून कचेरीत माझं नाव झालं. दर शनिवारी बंदुकांच्या नळ्या तपासून नोंद करायचा हुकूम मला मिळाला. आरसा तर गेलेला. मी परत साजगावला गेलो. मिस्त्री हसून म्हणाला, "आमच्याकडं तरी दर वेळी कुठं असायचा?" आणि त्यानं मला अंगठ्याचं नख ठोकळ्याच्या जागी तिरपं धरायला शिकवलं. नखावर उजेड पडतो आणि नळीत शिरतो.

पहिल्या शनिवारी, हवालदारानं आता आतूनही घासून ठेवलेल्या बंदुकीवर, मी तसं करून पाहिलं. बराच वेळ काही दिसेना. मग हात जरा वळला आणि आत वलयं उजळली, एकात एक, थेट पलीकडच्या टोकापर्यंत, कुठंही डाग नाही. हवालदार शेजारी उभा होता. मी त्याला म्हटलं, बघ. तो वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.