मिनिटांचे सेकंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा ऑफिसात कुणीतरी मला सगळ्यांसमोर ‘प्रामाणिक माणूस’ म्हणालं, आणि मला त्याच्या नाही, माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

जळगावात आमची छोटी कंपनी आहे. शेतातलं, नर्सरीतलं पाणी ठरल्या वेळी सुरू-बंद करणारी सॉफ्टवेअरं आम्ही बनवतो. सगळ्यांत लागणारी तीच तीच फंक्शन्स — तारखा, वेळा, लिटर — एका जावास्क्रिप्ट लायब्ररीत एकत्र ठेवलेली आहेत. बाहेरच्यांसाठी नाही, फक्त आमच्यासाठी. ती सांभाळायचो मी. नियमही मीच केलेला — कुणाचं काम बिघडू शकेल असा बदल असेल तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायचा आणि सगळ्यांना सांगायचं. शेवटचा आकडा फक्त किरकोळ दुरुस्तीसाठी, कारण कुठल्याही सॉफ्टवेअरला कुणी हात लावला, की ती आवृत्ती न विचारता त्यात आपोआप शिरते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी लायब्ररीच्या सेटिंगमधलं वेळेचं एकक बदललं. मिनिटांचे सेकंद केले. एका नव्या कामाला ते सोयीचं होतं, म्हणून. बहीण माहेरी आलेली, घरी जायला दोंडाईच्याची गाडी गाठायची होती — कोण सगळ्यांना सांगत बसणार? शेवटचा आकडा वाढवला, पब्लिश केलं, बॅग उचलली. आम्ही सगळे एकाच खात्यातून पब्लिश करायचो. कुणी केलं, ते तिथं दिसतच नाही. हे मला तेव्हा आठवलं नव्हतं. नंतर मात्र बरोबर आठवलं!

सणाला ऑफिसात थांबली प्रज्ञा. धुळ्याची मुलगी, नुकतीच लागलेली. “तुम्ही जा दादा, मी बघते,” म्हणाली. चाळीसगावकडच्या एका नर्सरीचा फोन आला — ऊन फार आहे, केळीच्या रोपांवरचा फवारा वाढवा. तिनं चाराचे सहा केले. बरोबर केलं. पण ते करताना माझी नवी आवृत्ती आत आली, आणि सहा मिनिटांऐवजी फवारा सहा सेकंद उडायला लागला. स्क्रीनवर नुसता सहाचा आकडा. नर्सरीतले मजूरही आखाजीला घरी गेलेले. बघणार कोण?

नर्सरीचे मालक नाना सुकलेल्या रोपांचा ट्रे घेऊनच ऑफिसात आले. तो टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, “बठ्ठं सुकी गयं, भाऊ.” सगळंच सुकलं.

आमच्या साहेबांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंनी मला आत बोलावून विचारलं — लायब्ररीत काही बदललं होतं का? सरळ प्रश्न होता. मी ‘नाही’ म्हणालो. घाबरलो होतो का? हो. पण त्याहून वाईट म्हणजे, ते ‘नाही’ मला जराही जड गेलं नाही. जेवायच्या सुट्टीत सगळे डबे खात होते, तेव्हा मी एकक पुन्हा मिनिटांवर आणलं आणि गुपचूप पुढची आवृत्ती पब्लिश केली. खाली शेरा लिहिला — किरकोळ दुरुस्ती.

नर्सरीच्या सॉफ्टवेअरला शेवटचा हात प्रज्ञाचा लागलेला होता. भाऊंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मला भाऊंचाही राग येतो — काही न तपासता एका मुलीचं काम काढून घेतलं! पण त्यांनी विचारलं तर होतं. मलाच विचारलं होतं.

इथपर्यंत भित्रेपणा होता. आता जे सांगणार आहे, त्याला मला शब्द सापडत नाही.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, “दादा, मी सगळं परत परत पाहिलं. माझं नेमकं कुठं चुकलं, तेवढं सांगा ना. पुढच्या नोकरीत तसं करणार नाही.”

तिला कळत होतं की तिचं चुकलेलं नाही — आणि तरी ती मला विचारत होती, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. मी काय केलं? मी तिला चूक शोधून दिली. नसलेली. तू घाई केलीस, म्हटलं. लक्ष देत जा. मोठ्या माणसाच्या आवाजात, सावकाश समजावून सांगितलं. ती मध्ये मध्ये ‘हो दादा’ म्हणत होती.

शेवटी तिनं माझे आभार मानले. आणि मी ते घेतले.